उंबऱ्यापाशी थांबलेला अधिकार

कायद्याच्या पुस्तकात निवडुंग भेटेल अशी कुणाची अपेक्षा नसते. पण १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात, म्हणजे आजच्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात, तो भेटतो. कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत ग्रामपंचायतीने करायच्या कामांची लांबलचक यादी आहे. केरकचऱ्याचे ढीग हलवणं, माजलेलं रान तोडणं, निवडुंग काढणं, वापरात नसलेल्या विहिरी, घाण पाण्याची डबकी, चर आणि खड्डे बुजवणं ही सगळी कामं तिथे नोंदलेली आहेत. रोगट वस्त्या सुधारणं, लोकांना होणारा उपद्रव टाळणं आणि झालाच तर दूर करणं, बेवारस प्रेतं आणि मेलेली जनावरं यांची विल्हेवाट लावणं हेही त्याच यादीत येतं.

निवडुंग तिथे उगाच आलेला नाही. अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंग कुंपण म्हणून लावला गेला आणि दख्खनच्या गावांभोवती बघता बघता पसरला. त्याच्या आडोशाला लोक परसाकडला बसत, उंदीर-साप राहत, गावाचा कचरा तिथेच पडे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात किरमिजी किड्यांनी दक्षिण भारतातला बराचसा निवडुंग खाऊन संपवला. कायद्याच्या यादीत मात्र तो राहिला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक ग्रामपंचायतींच्या हाती ही यादी साठ-पासष्ट वर्षं आहे. तरीही आजरा, चंदगड, भुदरगड, शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या कुठल्याही मोठ्या गावात शिरलं, की भर गावठाणात एखादं तरी आढं मोडलेलं घर दिसतंच. कौलं उतरवून नेलेली, भिंतीच्या जांभ्याच्या दगडांतून उंबर वर आलेला, आत घाणेरी आणि गाजरगवत, दारात शेजाऱ्यांनी टाकलेला केर. पावसाळ्यात शेजारची बाई पोरांना तिकडे फिरकू देत नाही. ग्रामसभेत विषय निघतो, दोघं-तिघं तावातावाने बोलतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच विषय पुन्हा निघतो. अधिकार आहे, मग घर जागचं का हलत नाही, याचं उत्तर गावाच्या स्वच्छतेच्या जुन्या इतिहासात सापडतं.

सोडून गेलेल्या माणसाच्या जागेचं काय करायचं, हे मराठेशाहीतल्या गावाला ठाऊक होतं. दुष्काळ पडला, लुटालूट झाली किंवा सारा डोईजड झाला की कुटुंबं गाव सोडत. ज्या मिरासदाराचं, म्हणजे जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेल्याचं, कूळ परागंदा झालं किंवा खुंटलं, त्याची जमीन गतकुळी म्हणून नोंदली जाई. गावच्या थळांच्या, म्हणजे जमिनीच्या वाट्यांच्या, नोंदीत कुठलं थळ नांदतं आणि कुठलं गतकुळी, हे लिहिलेलं असे. अशी जागा पाटील आणि गावकरी मिळून नव्या माणसाला देत, मिरासपत्र करून देत आणि त्यावर साक्षी घेत. १८५२ मध्ये गुडाइन या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या गावांवर अहवाल लिहिला, तेव्हाही त्याला या गतकुळी जमिनींचा माग लागला होता.

पण या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. मिरासदाराचा हक्क सहजासहजी मरत नसे. तो किंवा त्याचा नातू पुष्कळ वर्षांनी परतला आणि जमीन मागू लागला, तर गावाला त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागे. माणूस गेला तरी त्याचं नाव जात नाही, ही समजूत तेव्हापासूनची आहे.

गाव झाडण्याचं काम तेव्हा कायद्याचं नव्हतं, वतनाचं होतं. चावडीपुढची झाडलोट, वेशीची राखण, मेलेली जनावरं ओढून नेणं ही कामं महार वतनदारांच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त या व्यवस्थेचं बारकाईने वर्णन आहे. थोडीशी वतनी जमीन आणि बलुतं देऊन गावाने आपली घाण एका जातीकडे सोपवली होती. बाकीच्यांना स्वच्छतेचा विचार करायची गरजच पडली नाही.

इंग्रजी राज्यात हा विचार बाहेरून आला. पटकीच्या भीतीने इंग्लंडमध्ये १८४६ पासून उपद्रव निवारणाचे कायदे होऊ लागले होते. खासगी मालकीच्या जागेतली घाण ही शेजाऱ्याचीही बाब आहे आणि सरकार तिथे हात घालू शकतं, ही कल्पना त्या कायद्यांनी रुजवली. मुंबई इलाख्यात खेड्यांसाठी १८८९ मध्ये ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. गावात स्वच्छता समिती नेमावी, तिने नियम करावेत, पिण्याच्या पाण्याची ठिकाणं राखावीत, अशी त्यात सोय होती. या कायद्याकडे लंडनमध्ये बसून बारीक लक्ष ठेवणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. त्या हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. तरी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा स्वच्छतेबद्दल पत्रव्यवहार होता. खेड्यांतून गोळा होणाऱ्या करातला काही भाग आधी त्याच खेड्यांच्या स्वच्छतेवर खर्च व्हावा, असा आग्रह त्यांनी १८९२ मध्ये भारतमंत्र्यांकडे धरला. पैशाशिवाय समिती म्हणजे नुसतं कागदी घोडं, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. हा कायदा निवडक गावांपुरताच राहिला.

कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, त्यामुळे इलाख्याचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. शहरात १८५४ पासून नगरपालिका होती. खेड्यांत मात्र पाटील, कुलकर्णी आणि वतनदार हाच कारभार होता. त्याला पहिला मोठा धक्का प्लेगने दिला.

१८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग काही काळातच कोल्हापुरापर्यंत पोचला. पुढची कित्येक वर्षं तो येतजात राहिला. घरात उंदीर पडला की गाव बाहेर पडे, माणसं माळावर झोपड्यांत राहायला जात. शाहू महाराजांनी संस्थानात लोकांना वस्तीबाहेर हलवणं, त्यांच्यासाठी झोपड्या उभारणं, लस टोचून घ्यायला त्यांचं मन वळवणं यावर भर दिला. ब्रिटिश मुलखात, विशेषतः पुण्यात, याच कामासाठी गोरे सोजीर घरांत घुसले. देवघरापर्यंत बूट गेले, सामान रस्त्यावर आलं. २२ जून १८९७ रोजी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. कौलं काढून घरात ऊन घेणं, जमीन उकरणं, भिंतींना चुना लावणं हे उपाय रोगाच्या दृष्टीने समजण्यासारखे होते. तरी परक्या माणसाने उंबरा ओलांडणं लोकांना रोगाहून जास्त झोंबलं. सार्वजनिक आरोग्य आणि खासगी उंबरा यांतली ही ठिणगी मराठी मुलुख पुढेही विसरला नाही.

१९१८ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानातली कुलकर्णी वतनं काढली आणि पगारी तलाठी नेमले. त्याच वर्षी महार वतनंही रद्द झाली आणि वतनी जमिनी रयतावा करून कसणाऱ्यांच्या नावे लावल्या गेल्या. वेठीतून एक समाज मोकळा होण्याच्या दिशेने हे मोठं पाऊल होतं. गावाच्या बाजूने पाहिलं तर आणखी एक गोष्ट घडली. गाव झाडायला जन्माने बांधलेला माणूस आता कायद्याने उरला नव्हता. मग झाडायचं कुणी, हा प्रश्न कोल्हापूरच्या खेड्यांपुढे मुंबई इलाख्याच्या पुष्कळ आधी उभा राहिला.

इलाख्यात हा प्रश्न लांबला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, पण तेव्हा ते तडीला गेलं नाही. ग्रामपंचायतींचे कायदे १९२० आणि १९३३ मध्ये झाले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि इथली खेडी त्या व्यवस्थेत आली. त्यानंतर दहा वर्षांनी, एकाच पावसाळ्याच्या दोन महिन्यांत, दोन कायदे अमलात आले. १ जून १९५९ रोजी नवा ग्रामपंचायत अधिनियम आणि १ ऑगस्ट १९५९ रोजी कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा. एकाने जुन्या हातातला झाडू काढून घेतला, दुसऱ्याने तो पंचायतीच्या हाती दिला. प्रत्यक्षात पंचायतीने सफाई कामगार म्हणून नेमलेली माणसं बहुतेक ठिकाणी त्याच वस्तीतली निघाली, हेही तितकंच खरं.

नव्या कायद्याने पंचायतीला काय दिलं आणि काय दिलं नाही, हे कलम ५३ वाचलं की कळतं. सार्वजनिक रस्त्यावर, गटारावर, चौकात कुणी भिंत घातली, ओटा वाढवला, अडथळा केला, तर पंचायत तो काढून टाकू शकते आणि खर्च त्या माणसाकडून वसूल करू शकते. पंचायतीने कुचराई केली तर जिल्हाधिकारी ते करू शकतात. गायरानात कुणी चोरून पीक घेतलं तर तेही उपटता येतं. फक्त जागा खासगी मालकीची नसावी, एवढीच अट आहे.

सगळा पेच त्या अटीत आहे. रस्त्यावर आलेला उकिरडा पंचायत उचलू शकते. तोच उकिरडा पडक्या घराच्या चार भिंतींच्या आत असेल, तर अनुसूचीतले ‘उपद्रव दूर करणं’ हे मोघम शब्द हाताशी असतात, पण पुढे कसं जायचं याची रीत शहरातल्यासारखी ठसठशीत नसते. नगरपालिकांच्या कायद्यात धोकादायक इमारतींसाठी स्वतंत्र तरतूद आहे, मुदत आहे, पाडण्याची रीत आहे. खेड्यात सरपंच नोटीस काढतो, ग्रामसेवक ती भिंतीला डकवतो, पंचनामा होतो, फोटो निघतो. त्यापुढे गाडी बहुतेक वेळा तालुक्याच्या ठिकाणी जाते.

तिथे एक जुनं हत्यार आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ हे १८९८ च्या संहितेत होतं आणि १९७३ च्या संहितेतही त्याच क्रमांकाने राहिलं. पडायला आलेली इमारत, कलंडलेलं झाड, कठडा नसलेली विहीर यांपासून शेजाऱ्यांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना धोका असेल, तर प्रांत किंवा तहसीलदार दंडाधिकारी म्हणून मालकाला सशर्त आदेश देऊ शकतात: पाडा, दुरुस्त करा, टेकू द्या, नाहीतर येऊन कारण सांगा. मालक बधला नाही तर काम करवून घेऊन त्याच्या मालमत्तेतून खर्च वसूल करता येतो. म्हणजे पंचायत ज्या उंबऱ्यापाशी थांबते, तो ओलांडायची मुभा दंडाधिकाऱ्याला आहे.

या कलमाची धार किती, हे १९८० मध्ये मध्य प्रदेशातल्या रतलाममुळे साऱ्या देशाला कळलं. उघड्या गटारांना आणि दुर्गंधीला कंटाळलेले तिथले रहिवासी याच कलमाखाली दंडाधिकाऱ्यांकडे गेले होते. पैसे नाहीत, अशी नगरपालिकेची सबब होती. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ती फेटाळली. तिजोरी रिकामी आहे म्हणून लोकांना घाणीत ठेवता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. तो निकाल शहराबद्दल असला तरी कलम खेड्यालाही तेच लागू होतं.

मग कोल्हापूरच्या खेड्यांत ते सर्रास का वापरलं जात नाही? त्याचं कारण घराच्या आत आहे, किंवा खरं म्हणजे घराच्या बाहेर, मुंबईत आहे.

आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड या भागांनी मुंबईच्या कापड गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसं पुरवली. पोरगा लालबाग-परळच्या खोलीत, म्हातारी गावाकडच्या घरात, आणि गणपतीला किंवा गावच्या यात्रेला सगळे एकत्र, असा तो संसार होता. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या. काहीजण परतले, पुष्कळांची मुलं डोंबिवली, कल्याण, विरारकडे सरकली. म्हातारी गेली आणि घराला कुलूप लागलं. पहिल्या पावसात कौल सरकलं, दुसऱ्यात वासा कुजला. चार-सहा पावसाळ्यांत सह्याद्रीच्या कडेचा पाऊस मातीच्या भिंतीची गत काय करतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पण घर पडलं तरी त्याची घरपट्टी चालू राहते, आणि यात्रेला आलेला कुणीतरी भाऊ ती इमानेइतबारे भरून जातो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. पुष्कळ गावांत ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, हाच काय तो कागद. त्यात मालकाचं नाव आणि भोगवटादाराचं नाव असे रकाने असतात. ती नोंद मुळात करासाठी आहे, मालकी सिद्ध करण्यासाठी नाही. तरी लोक तिच्याकडे हक्काचा पुरावा म्हणूनच पाहतात. रकान्यात नाव आजोबांचं असतं, आजोबा जाऊन चाळीस वर्षं झालेली असतात, आणि वारस तीन भावांचे मिळून पंधरा-वीस. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्साही मुलांच्या बरोबरीचा झाला, त्यामुळे यादी गडहिंग्लजच्या सासरपासून ठाण्याच्या सासरपर्यंत पसरते. नोटीस काढायची कुणाच्या नावे?

आणि भिंत पाडली तर हद्द कुठली? पडकी भिंत ही त्या जागेची शेवटची खूण असते. ती गेली की शेजारचा चुलता एक हात पुढे सरकेल, ही भीती डोंबिवलीत बसलेल्या पुतण्याला असते. म्हणून तो घर दुरुस्तही करत नाही आणि पाडूही देत नाही. सरपंचही बहुधा त्याच भावकीतला असतो. त्याने तहसीलदाराकडे अर्ज केला तर तो स्वच्छतेचा अर्ज राहत नाही, भाऊबंदकीतली एक चाल ठरते. पुढची निवडणूक डोळ्यांपुढे असताना ती चाल कोण खेळणार?

जे काम नोटिशीने झालं नाही, त्याला २००० सालानंतर एका वेगळ्या वाटेने हात घालण्यात आला. झाडू घेऊन गावोगाव फिरणारे, कीर्तनाआधी गाव झाडणारे गाडगे महाराज १९५६ मध्ये गेले. २०००-०१ मध्ये राज्याने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. ग्रामविकास मंत्री होते शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आर. आर. पाटील. या अभियानाचा डाव सोपा होता. आधी पैसा नाही, आधी स्पर्धा. गावाने श्रमदानाने स्वतःला झाडून-पुसून घ्यायचं, तपासणी समिती येऊन गुण देणार, मग तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी बक्षिसं. समिती येणार म्हटल्यावर मुंबईकराला फोन गेला, “तुझ्या घरापायी गावाचे मार्क जातील.” कुस्ती आणि फुटबॉल यांवर पोसलेल्या कोल्हापूरला चुरशीची भाषा शिकवावी लागत नाही. कित्येक ठिकाणी रान निघालं, उकिरडे गावाबाहेर गेले. कायद्याने जो उंबरा ओलांडता येत नव्हता, तो लाजेने आणि ईर्ष्येने ओलांडला.

१५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने त्याच गाठीचं दुसरं टोक पकडलं. हद्दीचे, वाटणीचे, सामाईक भिंतीचे वाद गावातच समझोत्याने मिटवायचे. जिथे वाटणी मिटली, तिथे पडक्या जागेचंही काहीतरी झालं. ग्रामसभेचा शब्द दंडाशिवायही चालतो, याचा दाखला मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने दिला. विधवा प्रथा बंद करण्याचा तिथला ठराव राज्यभर गाजला आणि सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. बांगड्या फोडण्यासारख्या घरातल्या गोष्टीवर गाव एकमताने बोलू शकतं, मग घरासमोरच्या ढिगाऱ्यावर का नाही, असा प्रश्न त्यातून सहज निघतो. फरक असा, की हेरवाडच्या ठरावाने कुणाची एक हात जागाही हलणार नव्हती.

स्पर्धेचा जोर वर्षागणिक कमीजास्त होतो. समिती परत गेली की रान पुन्हा वाढतं. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी हा प्रश्न वेगळ्याच रीतीने पुढे आणला. पंचगंगेच्या काठी, करवीर आणि शिरोळच्या गावांत, पाण्यात दिवसेंदिवस भिजलेल्या मातीच्या भिंती कोसळल्या. पाणी ओसरल्यावर तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला निघाले, आणि घर कोणाच्या नावावर, राहतं की पडीक, हेच प्रश्न दारोदार विचारले गेले. आजोबांच्या नावावरच्या नोंदीचा खरा भुर्दंड तेव्हा लोकांना कळला.

आता गावठाणांची ड्रोनने मोजणी चालली आहे. महाराष्ट्रात या कामाचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाल्यावर ते टप्प्याटप्प्याने देशभर पसरलं. प्रत्येक घराची हद्द नकाशावर आणि धारकाचं नाव मालमत्ता पत्रकावर. भिंत पाडली तरी हद्द कागदावर राहणार असेल, तर डोंबिवलीच्या पुतण्याची अर्धी भीती तिथेच संपते. कलम १३३ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ने घेतली आहे. दंडाधिकाऱ्याचा अधिकार तोच आहे आणि सशर्त आदेशाची रीतही तीच. नोटीस कुणाच्या नावे काढायची, हे मालमत्ता पत्रकामुळे हळूहळू कळू लागेल. मात्र वारसांची नावं त्या पत्रकावर चढवून घ्यायची, तर आधी पंधरा-वीस जणांना एकत्र बसावं लागेल. आणि जेसीबीचं भाडं पंचायतीने आधी भरायचं की वारसांकडून गोळा करायचं, यावरचा ठराव अजून ग्रामसभेतच व्हायचा आहे.